तीन खांब, दोन किल्ल्या : पंचवटीतल्या एका गल्लीचं प्रकरण

नाशिकच्या पंचवटीत मालेगाव स्टँडकडून गोदाकाठच्या रामकुंडाकडे ज्या गल्ल्या उतरतात, त्यातल्या एका गल्लीचं हे प्रकरण आहे. गल्लीचं नाव देत नाही. तिथले रहिवासी, दुकानदार आणि रिक्षावाले अजून रोज एकमेकांचं तोंड पाहतात, आणि या विषयावरून झालेली भांडणं पुरती मिटलेली नाहीत. माझा संबंध इतकाच की मी सिव्हिलची कामं करतो, गल्लीत माझे नातेवाईक राहतात, आणि गल्ली गाड्यांना बंद करून तोंडावर खांब लावायच्या अर्जासोबतचा नकाशा काढून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

गल्ली वरच्या तोंडाला पावणेपाच मीटरच्या आसपास रुंद, आत गेल्यावर कुठे चार, कुठे साडेतीन. दोन्ही बाजूंना वाडे. काही पडके, काहींच्या जागी तीन-चार मजली इमारती. तळमजल्यावर पूजासाहित्य, प्रसाद, तांब्याची भांडी. फूटपाथ नाही आणि करायला जागाही नाही. पायऱ्या आणि ओटे थेट रस्त्यावर उतरतात. म्हणजे चालणारा माणूस आणि गाडी एकाच पट्ट्यात.

चालणारे कोण, हे नीट पाहिल्याशिवाय पुढचं कळत नाही. पहाटे कुंडावर जाणारे, बरेचसे अनवाणी. दशक्रियेसाठी आलेली कुटुंबं. त्यांचं लक्ष रस्त्याकडे नसतंच. बसमधून एकदम उतरलेले चाळीस-पन्नास यात्रेकरू, पुढच्याच्या पाठीकडे बघत चालणारे. बुधवारी घाटावर बाजार भरतो, तेव्हा पिशव्या घेतलेल्या बाया. शिवाय शाळेची पोरं. आणि गाड्या कोणाच्या? निम्म्याहून अधिक गाड्यांचं गल्लीत काहीच काम नसायचं. पंचवटी कारंजावर गाड्या तुंबल्या की घाटाकडून गाडगे महाराज पुलावर चढायचं आणि पलीकडे दहीपूल-मेनरोडला निघायचं, ही आडवाट एकाला सापडली की दुसऱ्याला सांगितलीच जाते. त्यात रिक्षा: 'अगदी कुंडापर्यंत सोडतो' हे सवारी मिळवायचं वाक्य, आणि परतताना अरुंद जागेत मागे-पुढे करत वळायचं.

अशाच एका वळणात मालाचा टेम्पो रिव्हर्स घेत होता, आणि मराठवाड्यातून आलेल्या एका आजींचा पाय ओट्याची पायरी आणि टेम्पोचं चाक यांच्यामध्ये सापडला. हाड मोडलं. वेग नव्हताच, ड्रायव्हरही प्यायलेला नव्हता. मागे काय आहे ते त्याला दिसलं नाही, आणि आजींना बाजूला व्हायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोरांनी गल्लीच्या तोंडावर जुन्या टायरमध्ये सिमेंट ओतून त्यात पाइप उभे केले आणि मधे एक मोठा दगड टाकला. नाशिकमध्ये निम्म्या कॉलन्यांत हाच उपाय दिसतो. रंग नाही, रिफ्लेक्टर नाही. आठवडाही गेला नसेल, रात्री दूध घेऊन येणारा एक जण त्या दगडावर धडकून पडला आणि त्याचा खांदा निखळला. पोलिसांनी दगड हलवायला सांगितलं, ते बरोबरच होतं. सार्वजनिक रस्त्यावर कोणीही आपल्या मनाने अडथळा उभा केला तर तो अडथळाच, हेतू कितीही चांगला असो. त्यावर कोणी पडलं तर जबाबदारी टाकणाऱ्याची. गल्ली वाहनांना बंद करायची तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली निर्बंधाची अधिसूचना निघावी लागते, कलम ११६ प्रमाणे फलक लागावे लागतात, आणि त्यानंतर रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी खांब बसवायचे असतात. क्रम उलटा झाला तर खांब शोभेचा; चलन फाडायलाही आधार राहत नाही.

अर्ज झाला, पाहणी झाली, बैठका झाल्या. तो भाग कंटाळवाणा आहे, सोडून देतो. मंजूर झालं ते असं: सकाळपासून रात्रीपर्यंत चारचाकी आणि रिक्षा बंद, मालाच्या गाड्या पहाटे, आणि तोंडावर बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे खांब.

आता खरा विषय. खांब किती आणि किती अंतरावर?

तोंडाची मोकळी रुंदी ४.८ मीटर धरू. खांब सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटर. तीन खांब लावले तर चार फटी पडतात आणि प्रत्येक फट येते १.०९ मीटर. रिक्षाची रुंदी १.३ मीटर, छोट्या हत्तीची (टाटा एस टेम्पोची) दीड मीटर, लहानात लहान मारुतीचीही दीडच्या आसपास. तिघंही बाहेर. व्हीलचेअरला किमान ९०० मिलिमीटर मोकळी जागा लागते, ऐसपैस हवी तर १२०० लागते, १.०९ मध्ये ती सुखरूप जाते. हातगाडी जेमतेम जाते. स्ट्रेचर सहज. अंत्ययात्रेचं काय, असं एका ज्येष्ठांनी बैठकीत विचारलं, तेव्हा क्षणभर सगळे गप्प झाले. प्रश्न रास्त होता. खांबाची उंची ९०० मिलिमीटर, तिरडी खांद्यावर. खांदेकरी खांबाच्या दोन बाजूंनी निघतात आणि तिरडी वरून जाते. त्यांना कागदावर काढून दाखवलं, मग ते बसले.

पण दुचाकी? अॅक्टिव्हाची रुंदी ७०० मिलिमीटरच्या जरा आत, नेहमीच्या मोटारसायकलींची सव्वासातशे ते आठशे. १.०९ च्या फटीतून ती आरामात निघते. बैठकीत लगेच सूचना आली, चौथा खांब टाका. हिशेब करा: चार खांबांना पाच फटी, प्रत्येकी ८४० मिलिमीटर. व्हीलचेअर आता कोपर खरचटत जाणार, हातगाडी जाणारच नाही, आणि अॅक्टिव्हा? ती जातेच. दुचाकी अडवायची तर फट साडेसहाशेच्या खाली आणावी लागेल, आणि तोवर व्हीलचेअरवाला, हातगाडीवाला, काखेत कळशी धरून चालणारी बाई हे सगळे आधीच अडलेले असतील. युरोपातल्या रस्त्यांची चित्रं पाहून आपल्याकडे खांब रोवले जातात तेव्हा हे कोणी बघत नाही. तिकडची अडचण मोटार ही आहे. आपल्याकडे गल्लीबोळात घुसते ती दुचाकी, आणि दुचाकी ही जवळजवळ माणसाच्याच मापाची आहे. तिला खांबाने चाळता येत नाही.

मग रेल्वे फाटकाशेजारी असतो तसा नागमोडी कठडा लावा, ही पुढची सूचना. दुचाकी त्याने खरंच अडते. पण व्हीलचेअर, बाळाची गाडी आणि सामानाची ट्रॉली ओढणारा यात्रेकरूही अडतो, आणि सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या मुख्य स्नानाला, म्हणजे पर्वणीला, गर्दी उतरली की तोच कठडा बूच होतो. मी त्याला ठाम विरोध केला. त्यावरून माझ्यावर 'दुचाकीवाल्यांचा वकील' असा शिक्का बसला, बसू दे.

तीन खांबांवर एकमत झालं. पुढची अडचण आग. मधला खांब काढता-घालता येण्यासारखा, असं ठेकेदाराच्या नकाशात होतं, नेहमी तसंच असतं. मधला काढला तर मोकळी जागा किती होते? दोन फटी आणि एक खांब : २.३३ मीटर. मोठ्या बंबाची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते. म्हणजे कुलूप उघडायचं, खांब काढायचा, आणि बंब तरीही बाहेर उभा. एका बाजूचे लगतचे दोन खांब निघाले तर ३.५७ मीटर मिळतात, मग बंब वळून आत येऊ शकतो. म्हणून दोन खांब काढते, एक पक्का, असं ठरलं. हे गणित तिसरीतल्या पोराला येतं, पण नकाशावर मोटारीचंच चित्र काढून काम भागवलं जातं. लाकडी वाड्यांच्या वस्तीत बंबाचं माप पहिल्यांदा घ्यायला हवं.

काढत्या खांबाचं वजन ही आणखी एक गोष्ट, जी काम झाल्यावरच कळते. पक्का खांब म्हणजे साध्या पोलादाचा (एमएस) पाइप, आत काँक्रीट भरलेलं, जमिनीत दोन फूट. तो तसाच हवा. पण काढता खांबही 'मजबुती'साठी काँक्रीटने भरायचं घाटत होतं. पाच मिलिमीटर जाडीचा, सव्वा मीटरभर लांब पोकळ पाइप वीस-बावीस किलोचा होतो. भरला की पासष्टच्या घरात. पहाटे फुलांची गाडी आली तर तो उचलणार कोण? एकदा कष्टाने काढला की परत कोणी लावत नाही. काढते खांब पोकळच ठेवायला लावले.

त्याच बैठकीत एकाने विचारलं की हे खांब दहशतवाद्यांची गाडी थांबवतील का. नाही थांबवणार. तसे खांब वेगळे. सात-साडेसात टनांचा ट्रक ताशी ४८ किंवा ६४ किलोमीटरने प्रत्यक्ष आदळवून ते तपासलेले असतात, आणि त्यांचा पाया एका खांबापुरता नसून रस्त्याखाली एकत्र बांधलेला असतो. आपले खांब 'इथे गाडी नको' एवढं सांगण्यापुरते, आणि चुकून मागे आलेला टेम्पो अडवण्यापुरते. यापेक्षा जास्त आश्वासन देऊन ते विकू नयेत.

खोदाईच्या आधी चाचणी खड्डा घ्या, असा आग्रह धरला होता. जुन्या नाशकात रस्त्याखाली काय निघेल सांगता येत नाही. पाण्याची जुनी लाइन हातभर खोलीवर, त्याला चिकटून केबल. आणि पंचवटीत शनी चौकासारख्या ठिकाणी तर चक्क रहाड असते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात तो पेशवेकालीन हौद, जो वर्षभर फळ्या आणि मातीने झाकलेला असतो आणि वरून रोजची वाहतूक चालू असते. आमच्या गल्लीत रहाड नाही, पण अर्ज वाचणाऱ्या एका साहेबांनी तिचीच चौकशी आधी केली. मला ते आवडलं.

खांब बसले. पहिल्याच सकाळी रिक्षावाला आणि सवारी यांचा संवाद ऐकला. "मावशी, आत नाही जात आता गाडी, खांब टाकलेत." "अरे भाऊ, गुडघे दुखतात माझे, तेवढं कुंडापर्यंत सोड ना." "अहो, सोडलं असतं, पण हे बघा ना." रिक्षावाल्याचा आवाज नाराज नव्हता. आत अडकून दहा मिनिटं वळायची कटकट गेली होती, आणि भाडं तेवढंच होतं. गुडघे दुखणाऱ्या मावशींचं मात्र खरं होतं. उतारावरून अडीचशे पावलं त्यांना जास्तच पडतात. खांबांच्या बाजूने बोलणारे, मीही त्यात आलो, हा हिशेब सोयीने विसरतात. शेवटी दोन ओट्यांच्या मालकांनी ओट्यावर बसायला हरकत नाही असं मान्य केलं. विसाव्याची तेवढीच सोय झाली.

चारचाकी आणि रिक्षा थांबल्या. दुचाकी थांबल्या नाहीत, थांबणार नव्हत्याच. पक्क्या खांबाजवळ गुडघ्याच्या खाली वाकून पाहिलं तर पिवळ्या-काळ्या रंगावर फूटरेस्टचे आडवे ओरखडे दिसतात, एकावर एक, सगळे आत जाणाऱ्या बाजूने. उतार आहे ना. उतरताना लोक ब्रेक कमी मारतात. वर येताना गाडी मुळातच हळू असते, त्या बाजूचा रंग जवळपास शाबूत. म्हणजे धोका एका दिशेचा आहे, हे खांबानेच सांगितलं.

त्यावर उपाय केला तो खांबाचा नव्हता. खांबांच्या अलीकडे गल्लीच्या पूर्ण रुंदीत दगडी फरशीचा उंचवटा बांधला, चार इंचाचा, दोन्हीकडे लांब उतार असलेला, वर सपाट. स्पीड ब्रेकरसारखा कंबरडं मोडणारा नाही. चालणाऱ्याला तो जाणवतही नाही. आणि खांबांची ओळ रस्त्याच्या कडेला न ठेवता गाडीभर आत घेतली. याने दोन गोष्टी झाल्या. कुलूप उघडेपर्यंत मालाची गाडी मुख्य रस्त्यावर उभी राहत नाही. आणि दुचाकीला आधी उंचवटा, मग लगेच खांब, असं दोनदा सावरावं लागतं. निम्मा वेग म्हणजे धडकेची ताकद चौथाई, हे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे. दुचाकी आत येतात, पण माणसाच्या चालीच्या जवळपास वेगाने. शिवाय वर तोंडाशी दुचाकींसाठी पट्टे आखले, तर दर्शनाला आलेल्यांपैकी बरेच तिथेच गाडी लावायला लागले. घुसायचं म्हणून कोणी घुसत नाही. लावायला जागा नसते म्हणून घुसतात.

आता किल्ली. माझ्या मते हे प्रकरण मुळात किल्लीचंच आहे.

दोन काढत्या खांबांना एकाच किल्लीची दोन कुलपं, आणि किल्ल्या दोन. ठरावात लिहिलं होतं 'किल्ली संबंधितांकडे राहील'. हे संबंधित म्हणजे कोण, ते कोणालाच माहीत नव्हतं. पहिल्या पावसाळ्याआधीच एक कुलूप गायब झालं. एक खांब वाड्याच्या भिंतीला टेकून उभा, दुसरा आडवा पडलेला आणि त्यावर मंडळाची पोरं बसून मोबाइल बघतायत. रिक्षा परत आत. पुन्हा बैठक, आणि यावेळी नाव घालून लिहिलं: एक किल्ली फुलांच्या दुकानात, कारण ते सगळ्यात आधी, अंधारात उघडतं, दुसरी जवळच्या चौकीत. जागा निवडताना पद किंवा मान पाहिला नाही, पहाटे गल्लीत कोण हजर असतं एवढंच पाहिलं. फुलवाले नाना म्हणाले, "किल्ली ठेवतो, पण मी गावाला गेलो की पोरगा म्हणेल मला नाही माहीत." म्हणून मुलाचंही नाव लिहिलं. तेव्हापासून खांब जागेवर असतात, निदान बहुतेक दिवस.

कुलपापेक्षा जास्त छळलं ते खोबणीने. काढता खांब ज्या लोखंडी नळीत बसतो ती जमिनीत एक फूट असते, वर झाकण. पंचवटीच्या गल्लीत त्या नळीत काय काय जातं बघा: झेंडूच्या पाकळ्या, तांदूळ, अगरबत्तीच्या काड्या, नारळाच्या शेंड्या, आणि पहिल्या पावसात वरून वाहून आलेली माती. सगळं बसलं की खांब चार बोटं वर राहतो, कुलपाचं भोक जुळत नाही, आणि मग दोरीने बांधून ठेवतात. हा प्रश्न फक्त आपल्याकडचाच आहे असं नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या बर्बन स्ट्रीटवर सरकते बोलार्ड होते. मार्डी ग्राच्या उत्सवात उधळलेले मणी त्यांच्या खाचांत अडकून ते निकामी झाले, बदलायचं काम सुरू असतानाच १ जानेवारी २०२५ ला पहाटे एकाने ट्रक गर्दीत घातला आणि १४ माणसं मेली. उत्सवाच्या रस्त्यावर हलता भाग जमिनीखाली ठेवायचा तर त्यात उत्सव जाऊन बसणार, हे धरूनच चालावं. आमच्या खोबणीचा तळ उघडा करून खाली खडी भरली, पाणी मुरायला लागलं. पाकळ्या मात्र हातानेच काढाव्या लागतात. ते काम झाडूवाल्या मावशी करतात. त्यांच्या कामाच्या यादीत ते नाही, ही गोष्ट नोंदवून ठेवतो.

चैत्रात परीक्षा झाली. रामनवमीनंतर कामदा एकादशीला काळारामाचे रथ निघतात, रामरथ आणि गरुडरथ. दोर धरून ओढणारे शेकडो, मागे-पुढे पंचवटी लोटलेली. आमच्या गल्लीतून रथ जात नाही, पण गर्दी जाते. अशा गर्दीत तीन फुटी खांब सगळ्यात वाईट. एकट्या माणसाला तो लांबून दिसतो. छातीला छाती लागली की दिसतच नाही, आणि पोटात बसतो तेव्हा कळतं. दोन्ही काढते खांब आदल्या रात्री काढले. पक्का राहिला. त्याला उंच बांबू बांधून वर भगवा फडका लावला, म्हणजे लोकांना डोक्यावरून कळावं इथे काही आहे. ही युक्ती मंडळाच्या पोरांची, माझी नव्हे, आणि कुठल्याही पुस्तकातल्या उपायापेक्षा चांगली होती.

इथे सिंहस्थाचा विषय येणारच. २७ ऑगस्ट २००३ ला शाही स्नानाच्या दिवशी सरदार चौकाच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली, ३९ भाविक गेले. रामकुंडाकडे जाणारी वाट, उतार, आणि बांबूच्या अडथळ्यांमागे रोखून धरलेली गर्दी. पंचवटीतला पन्नाशीपुढचा कोणीही माणूस आजही त्या दिवसाबद्दल बोलताना थांबतो. त्यानंतर २०१५ ला यंत्रणेने साधूंच्या मिरवणुकीचा शाही मार्ग बदलला आणि बॅरिकेडिंग इतकं कडक केलं की २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला लोकांना मैलोन्मैल चालावं लागलं, दुकानं ओस पडली, 'संचारबंदी लावली की काय' अशी ओरड झाली, आणि पुढच्या पर्वण्यांना पोलिसांनी ते सैल केलं. त्या वर्षी तशी दुर्घटना झाली नाही. मला दोन्ही वर्षांतून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. गर्दीच्या दिशेला समांतर उभा केलेला कठडा लोकांना वाट दाखवतो. आडवा उभा केलेला कठडा मागून येणाऱ्या लोंढ्याला भिंत होतो, आणि मागच्याला पुढे काय झालंय ते कळत नाही. आमचे तीन खांब आडवे आहेत. रोजच्यासाठी ते आडवेच हवेत, पर्वणीच्या दिवशी ते नकोतच. एकाच वस्तूने दोन्ही वेळा भागत नाही, म्हणून ती हलवण्याची व्यवस्था वस्तूपेक्षा महत्त्वाची.

मधल्या काळात मुख्य रस्त्यावर, गल्लीच्या तोंडासमोर, लांबच लांब रेलिंग लावा अशी मागणी आली. यात्रेकरू कुठूनही रस्ता ओलांडतात म्हणून. माझं मत विरोधात आहे आणि ते मी लिहून दिलं. ओलांडायला जवळ जागा न देता रेलिंग लावली की लोक वळसा घालत नाहीत. रेलिंगवरून चढतात, किंवा तिच्या बाहेरच्या बाजूने, गाड्यांच्या पट्ट्यातून, फट सापडेपर्यंत चालतात. तिथे ते गाडी आणि लोखंड यांच्यात सापडतात. लंडनमध्ये केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर याच शतकाच्या सुरुवातीला रेलिंग काढून टाकली, लोकांना सरळ ओलांडू दिलं, आणि अपघात वाढले तर नाहीतच, घटले. तिथली शिस्त इथे नाही, हे उत्तर मला ठाऊक आहे. पण शिस्त नाही म्हणून रेलिंग लावायची आणि रेलिंगवरून उड्या मारतात म्हणून शिस्त नाही म्हणायचं, या चक्रात पडण्यापेक्षा गल्लीच्या तोंडासमोरच उंच केलेला झेब्रा द्यावा. लोक जिथे ओलांडणारच आहेत तिथेच गाडीने हळू व्हावं. हा मुद्दा अजून लोंबकळतोय.

दुकानदारांचं काय झालं, हे लोक हटकून विचारतात. तोंडाजवळच्या प्रसादवाल्यांचा धंदा बरा झाला, कारण सवाऱ्या आता त्यांच्यासमोर उतरतात. आतल्या भांडीवाल्याचं गिऱ्हाईक मोटारीतून यायचं. त्याचं नुकसान झालं, आणि तो ते प्रत्येक बैठकीत सांगतो. त्याला पहाटेच्या वेळेशिवाय दुपारी एक तास मालाची सूट दिली आहे. रिक्षा गेल्या तिथे टोपल्या आणि टपऱ्या आल्या, हेही खरं. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने विनाअडथळा चालण्याची जागा हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला, तेव्हा एका रहिवाशाने तो आदेश छापून वाड्याच्या दारावर चिकटवला. समोरच्या फुलवालीने फेरीवाल्यांच्या पोटापाण्याला संरक्षण देणारा २०१४ चा कायदा सांगितला. दोघंही बरोबर आहेत. सध्या पांढऱ्या पट्ट्याच्या आत टोपली, बाहेर माणूस, असं चाललंय. पट्टा पुसट होतो तशी टोपली पुढे सरकते.

राहिला खालचा, घाटाकडचा शेवट. तिथूनही दुचाकी घुसतात, म्हणून वरच्यासारखेच खांब तिथे टाका असं गल्लीचं म्हणणं. मी नको म्हणतो. गोदावरीला पूर आला, ज्यावरून नाशिककर पुराची पातळी मोजतात त्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेच्या वर पाणी चढलं, की खालची बाजू पाण्यात जाते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पूर ओसरला की वीतभर गाळ राहतो. त्या गाळाखाली खोबण सापडणार नाही, आणि पुराच्या पाण्यात बुडालेला खांब माणसाला किंवा होडीला लागला तर वेगळंच. तिथे हवं ते बिजागरीवर उघडणारं फाटक, सगळे हलते भाग जमिनीच्या वर, बाजूला माणसाला आणि व्हीलचेअरला सव्वा मीटरची कायम मोकळी वाट. उघडलं की ते भिंतीला समांतर बसेल. पर्वणीला ते उघडं बांधून ठेवता येईल.

जाहीर कार्यक्रमाप्रमाणे ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण, आणि नाशिकला २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला मुख्य स्नानं. फाटकाच्या अर्जात या तारखा घातल्या आहेत, आणि वरच्या खांबांसाठी एक वेगळा परिच्छेद: कोणत्या दिवशी किती वाजता खांब निघतील, कोण काढेल, त्यावर कोणाची सही. मी त्यात आणखी एक ओळ हट्टाने घालायला लावली, ती वाचून बैठकीत लोक हसले. काढलेले खांब कुठे ठेवायचे ती जागा नकाशात दाखवावी. रथाच्या दिवशी ते एका ओट्यावर ठेवले होते, आणि दोनातला एक पुढचे आठवडाभर सापडतच नव्हता. शेवटी मंडपवाल्याच्या टेम्पोत, बांबूंच्या खाली निघाला.